सर्वसज्ज चाकू आणि साहेबांची खुर्ची

मनुष्याला संकटाचे भय वाटते, ही समजूत वरवरची आहे. ज्याने सज्जतेवर पैसा ओतला आहे, त्याला संकट येणारच नाही की काय, याचे भय अधिक. पाणीपट्टी कार्यालयातील उपलेखापाल या दुसऱ्या भयाने कित्येक वर्षे कृश होत चालले होते.

त्यांच्या संग्रही सैनिकी बनावटीचे तेवीस बहुउपयोगी चाकू होते. बावीस कपाटात मखमलीवर विराजमान असत (त्यामुळे पत्नीचे कपडे दोरीवरच नांदत) आणि तेविसावा कमरेच्या चामडी म्यानात. प्रत्येकात दोन पाती, पक्कड, पेचकस, करवत, कात्री, माशाचे खवले काढणारी दातेरी पट्टी आणि एक आकडा. आकड्याचे प्रयोजन निर्मात्यासही ठाऊक नसावे. तथापि तो नसलेला चाकू उपलेखापाल हाती धरीत नसत. रणभूमीवर एकाकी पडलेला सैनिक याच्या बळावर महिनाभर तग धरतो, असे ते सांगत. जेवणाचा डबा घरी विसरला, तर स्वतः ते दुपारपर्यंतही तग धरीत नसत, ही गोष्ट निराळी.

आजवरच्या प्रत्यक्ष उपयोगाची आकडेवारी अशी: पाकिटे फोडणे सत्तर टक्के, नखे कोरणे एकोणतीस टक्के, इतर एक टक्का (यात स्वतःचा अंगठा कापून घेणे समाविष्ट आहे).

एका रविवारी पत्नीने कुकरच्या हलणाऱ्या दांड्याचा स्क्रू भाजीच्या सुरीने पिळून घट्ट केला आणि शांतपणे म्हणाली, "अहो, इतकी वर्षं लष्कर पोसतेय मी. ह्या महिन्यात एकदा तरी कुणाच्या कामी आलेलं दाखवा. नाहीतर सगळे भंगारवाल्याला. कमरेचासुद्धा."

ती बोलते ते करते, याचा अनुभव सासरच्या सर्वांनी यथाकाल घेतला होता.

उपलेखापालांनी संकटाची निष्ठापूर्वक प्रतीक्षा आरंभिली. परंतु कार्यालय लाजिरवाण्या सुस्थितीत होते. दारे लागत, खिडक्या उघडत, टेबलांचे पाय टेबलांना धरून असत. महिना सरत आला, तेव्हा त्यांनी शुद्ध तर्काचा आश्रय घेतला. उपाय सिद्ध आहे. अपाय तेवढा अनुपस्थित आहे. आणि अनुपस्थिताला हजर दाखवणे हे तर कार्यालयाचे नित्यकर्म. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी साहेबांच्या खुर्चीचा एक स्क्रू विनम्रपणे काढून ठेवला.

सुट्टीनंतर साहेब बसले, आणि बसतच गेले. उपलेखापाल दारात उभेच होते.

क्षणार्धात चाकूच्या पेचकसाने स्क्रू जागी बसला आणि खुर्ची सावरली गेली. साहेबांनी कंबर चोळीत त्यांचा जाहीर गौरव केला, दूरदृष्टी हा शब्द दोनदा वापरला, आणि संध्याकाळी स्वतःसाठी चाकू आणला (आकड्यासहित). पंधरवड्यात कार्यालयातील प्रत्येक कंबर सशस्त्र झाली. पण इतक्या पेचकसांना पुरतील इतके सैल स्क्रू आणायचे कोठून? ज्या मार्गाने एकास यश लाभले, तो इतरांनाही आपापल्या बुद्धीने सापडला. पुढे एकाचे काम दुसऱ्याने बिघडवू नये, म्हणून आपसांत वाटणीही झाली.

"दादा, ह्या टेबलाचा डावा पाय माझा हं," शिपायाने उपलेखापालांना बाजूला घेऊन बजावले. "उजवा तुमचा. पंख्याकडे बघूही नका, तो साहेबांनी स्वतःसाठी ठेवलाय."

पूर्वी त्या कार्यालयात वर्षाकाठी दोन मोडतोडी होत. आता आठवड्याला चाळीस होतात, आणि चाळीसही तत्काळ दुरुस्त होतात. चाकूंची आवश्यकता यावरून निर्विवाद सिद्ध होते.

आपल्या पराक्रमाचा वृत्तांत उपलेखापालांनी, खुर्ची सावरली त्याच संध्याकाळी, घरी सविस्तर कथन केला. पत्नीने तो भाजी निवडीत शेवटपर्यंत ऐकला आणि एवढेच विचारले, "साहेब पडले तेव्हा पेचकस आधीच उघडा होता ना?"

उपलेखापालांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, आणि तो रिकामा झाल्यावरही बराच वेळ पीत राहिले. चाकू वाचले. अट कामी येण्याची होती, कशी याची नव्हती, असे ती म्हणाली. मात्र त्या दिवसापासून ती घरात कोठेही बसण्यापूर्वी हात लावून पाहते.

सुज्ञ वाचकास हे सारे हास्यास्पद वाटेल, आणि वाटावेच. हसून झाल्यावर त्याने इतकेच आठवावे: मागे कोणाची तरी अडचण झाली, तेव्हा सर्वांआधी आपण धावलो होतो, आणि काय बिघडले आहे, हे कोणी सांगण्यापूर्वीच आपल्याला कसे ठाऊक होते?