आक्काचे धवले आणि साडेचार तारे

कशेळीच्या दौलत पाटलांना एक लहानसा स्पीकर घ्यायचा होता. त्यांच्या आईने, म्हणजे आक्काने, पन्नास वर्षं आसपासच्या गावांतल्या लग्नांत धवले, म्हणजे हळदीची पारंपरिक गाणी, म्हटले होते. ती गायल्याशिवाय कुणाच्या अंगाला हळद लागत नसे. आता ब्याऐंशीव्या वर्षी तिचा आवाज दोन हातांपलीकडे जात नव्हता. पण आवाज शाबूत असताना तिचे सगळे धवले खिशात मावणाऱ्या एका म्युझिक प्लेअरमध्ये भरून ठेवले होते. नात भाविकाची हळद वीस दिवसांवर आली, तेव्हा आक्काने जन्मात पहिल्यांदा काही मागितलं. पोरीला हळद माझ्या धवल्यावर लागू दे, एवढंच.

डीजे ठरलेला होता. परंतु त्याच्या करारातल्या नवव्या कलमानुसार यजमानांचं घरगुती साहित्य त्याच्या यंत्राला जोडण्यास सक्त मनाई होती.

म्हणून दौलतराव भिवंडीत, निजामपुऱ्यात हमजाच्या दुकानी गेले. शेजारच्या गाळ्यात कापडाचे लूम धडधडत होते. हमजाने मुठीएवढा स्पीकर काढून प्लेअरला जोडला. "काका, हितं लूमच्या आवाजात ऐकू आला, तर तुमच्या मांडवात आरामात चालंल," तो म्हणाला. आक्काचा आवाज आला, अगदी लख्ख. दौलतरावांना भरून आलं. त्यांनी पाकिटासाठी खिशात हात घातला आणि तिथंच घात झाला. हाताला आधी फोन लागला, आणि त्यांनी सवयीने मुलाला विचारलं.

"पप्पा, असा न बघता घेऊ नका," देवेश म्हणाला.

"अरे, ऐकलाय मी."

"ऐकून काय कळतंय? रिव्ह्यू बघायला लागतात."

हे म्हणणं दौलतरावांना पटलं, हीच खेदाची बाब आहे. शिकलेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर आपल्या कानांवर किती विसंबायचं, असं त्यांना वाटलं. ते हात हलवत परत आले.

घरात स्पीकर निवड समिती स्थापन झाली. पहिल्या बैठकीत एकतीस स्पीकर विचारार्थ आले. देवेशने तक्ता केला. पाण्यात अर्धा तास बुडाला तर चालेल का, तीन फुटांवरून पडला तर चालेल का, वाळवंटातल्या धुळीत टिकेल का, हे सगळं तपासलं गेलं. दौलतरावांच्या पत्नी कमळताईंनी रंग हळदीला साजेसा हवा अशी दुरुस्ती सुचवली, ती एकमताने मंजूर झाली. एका उत्तम स्पीकरला कुणीतरी खोका चेपलेला आला म्हणून एकच तारा दिला होता. तो तत्काळ बाद झाला. आक्काचा आवाज त्यातून कसा येईल, हा रकाना तक्त्यात नव्हता. अकराव्या दिवशी साडेचार ताऱ्यांचा एक पिवळा स्पीकर निवडून आला आणि ऑर्डर गेली.

तासाभरात फोनवर निरोप झळकला, की आपला स्पीकर भिवंडीच्या गोदामात सज्ज आहे. हे गोदाम पाटलांच्याच जमिनीवर, त्यांच्या ओटीपासून चाळीस पावलांवर होतं. दौलतराव चप्पल घालून फाटकावर गेले. रखवालदाराने जागामालक म्हणून कडक सलाम ठोकला आणि वाट अडवली.

"सेठ, जमीन आपकी, माल कंपनी का."

नियमानुसार प्रत्येक पार्सल आधी नागपूरला छाननीसाठी जातं. ट्रक निघाला तेव्हा वाटेत उभी असलेली आपली स्कूटर दौलतरावांनीच बाजूला घेतली. सहाव्या दिवशी स्पीकर परतला, आणि दाराशी येऊन माघारी गेला. शेरा होता, 'ग्राहक पत्त्यावर आढळला नाही'. ग्राहक त्या वेळी गोदामाच्या फाटकावर त्याचीच चौकशी करत होता. पार्सल पुन्हा नागपूरला रवाना झालं. हमजाकडचा स्पीकर तोवर वज्रेश्वरीच्या एका गिऱ्हाइकाने नेला होता, तोही नुसता ऐकून.

हळदीची संध्याकाळ आली. दौलतराव आक्कापुढे मान खाली घालून उभे राहिले. लाज वाटत होती त्यांना, आणि ती वाटायलाच हवी होती.

"मशीन ऱ्हाव दे," आक्का म्हणाली. "आवाज बारीक झालाय माजा, सरला न्हाय."

डीजेने दहा मिनिटांची तांत्रिक विश्रांती मंजूर केली. भाविकाला पाटावर बसवलं आणि आक्काने धवला धरला. त्याबरोबर मांडवातले दोनशे फोन वर झाले. आक्का, पाट आणि तोरण एका चौकटीत मावेना, म्हणून माणसं मागे सरकली. चांगली सहा-सात पावलं सरकली. आवाज दोन हात जात होता. दौलतरावांचा फोन नागपूरच्या चौकशीत दुपारीच मेला होता, म्हणून ते आईच्या पायाशी बसून राहिले. भाविकाने आणि त्यांनी, दोघांनीच तो धवला ऐकला. बाप-लेक हमसून रडले, तेही चित्रीकरणात छान आलं.

"कसा झाला?" आक्काने विचारलं.

"एकदम क्लिअर आलाय आक्का," मांडव म्हणाला. "निवांत ऐकू."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एकशे त्रेचाळीस व्हिडिओ पडले. आक्काचे ओठ हलत होते आणि 'जरा बाजूला व्हा' एवढंच स्पष्ट ऐकू येत होतं. कुणीतरी विचारलं, यासाठी कुठला स्पीकर चांगला. लगेच चर्चा सुरू झाली.

हसू नका. तुमच्याही फोनमध्ये घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाचा असा व्हिडिओ आहे. तो काढताना तुम्हीही मागे सरकला होता.