वाढत्या अंगाचे टायर

मापाच्या बाबतीत मास्तरांना हरवणारा अजून जन्माला यायचा होता, असं निदान मास्तरांचं स्वतःचं मत होतं. चाळीस वर्षं त्यांनी शिवणाचं दुकान चालवलं. माणूस नुसता दारातून आत आला की त्याच्या कमरेचा आकडा सांगायचे, आणि तोही चारचौघांत. मुलाचं लग्न झाल्यावर दुकान बंद केलं, पण गळ्यातली टेप काही उतरली नाही.

एकच माप त्यांना आजवर मिळालं नव्हतं, ते सुनेचं. सून लोकांचे कान तपासायची, मोजकं बोलायची आणि कपडे तयार आणायची. दोन वर्षांत तिने साधं बटणसुद्धा त्यांच्याकडून लावून घेतलं नव्हतं. मास्तरांना ते फार लागलं होतं. बोलून दाखवत नव्हते इतकंच.

शनिवारी तिने नव्या हॉस्पिटलने दिलेला पांढरा कोट घालून पाहिला. बाह्या थेट बोटांवर आल्या. मास्तरांचे हात शिवशिवले.

"मी बघू का जरा?"

"राहू दे बाबा, दुमडून घेईन," सून म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्हाला वेळ असेल तर गाडीचे टायर बदलून आणाल? पार गुळगुळीत झालेत. सोमवारपासून रोज लांब जायचंय."

ती गाडी तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेली. हायब्रिड, म्हणजे कधी पेट्रोलवर चालते, कधी बॅटरीवर. एरवी ती किल्लीला कोणाला हात लावू देत नसे. टायरमध्ये पास झालो की कोट आपल्याकडे येणार, हे मास्तरांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

टायरवाल्याने जुन्या टायरवरचा आकडा वाचला. "एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा. हेच घालू ना?"

"समजावून सांग."

"एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर रुंदी. टायरच्या कडेची उंची त्या रुंदीच्या पासष्ट टक्के. आणि आतली रिम पंधरा इंची."

मास्तरांनी टायरला टेप लावली, एक डोळा मिटला आणि मान हलवली. "फार अंगाबरोबर बसतंय. दोनशे पाच दे."

"काका, गाडीच्या दाराच्या आत कंपनीने माप लिहिलंय. रुंदी वाढवली की उंचीही वाढते. तुम्हाला रुंदच हवा असेल तर सोळाची रिम आणि बुटका टायर घ्या, म्हणजे बाहेरचं माप तेवढंच राहील."

"रिम राहू दे. टायर तेवढा सैल दे. पुढे उपयोगी पडतं."

"टायर आहे काका, पायजमा नाही. तो काय वाढणार आहे?"

मास्तरांनी त्याला आपली चाळीस वर्षं ऐकवली. सातव्या वर्षापर्यंत पोचले तेव्हा टायरवाल्याने हात जोडले आणि दोनशे पाच बसवले.

गाडी झोकदार दिसायला लागली. घरापर्यंत रस्ता जवळजवळ सरळ, त्यामुळे मास्तर छाती काढून आले. फाटकात शिरताना त्यांनी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं आणि चाकाजवळून खर्रर्र असा आवाज आला. उजवीकडे फिरवलं, तर गाडी गप्प. पुन्हा डावीकडे, पुन्हा खर्रर्र. साधी गाडी असती तर इंजिनाच्या घरघरीत हे खपून गेलं असतं. ही बया बॅटरीवर असली की श्वाससुद्धा घेत नव्हती. टायरवाल्याचं दुकान आता सोमवारी दहाला उघडणार होतं. आणि सुनेला हजर व्हायचं होतं नऊच्या ठोक्याला.

"पहिला दिवस आहे, मी सोडतो तुला," सोमवारी सकाळी मास्तर म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

"तुम्ही?" त्यांच्या बायकोने विचारलं. "हिला सोडायला?"

"का? मी काय परका आहे?"

फाटकाबाहेर पडताना डावं वळण टळणार नव्हतं. तिथे मास्तर जोरात खोकले. पुढच्या चौकात डावीकडे जायचं होतं, तर त्यांनी लागोपाठ तीन उजवी वळणं घेतली आणि त्याच रस्त्याला लागले.

"बाबा, इथून डावीकडे सरळ पडलं असतं."

"तिकडे खड्डे आहेत."

त्यापुढच्या चौकात खणलं होतं, तिसऱ्यात गर्दी. एका इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून ते तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्याने हात केला. सून मांडीवर कोट घेऊन घड्याळाकडे बघत होती. आठ पन्नास झाले.

हॉस्पिटल आलं. फाटक डावीकडे होतं आणि वळण काटकोनात. ते तसेच पुढे गेले, उजवीकडे वळले, पुन्हा उजवीकडे वळले, आणि तिसरी गल्ली खरोखरच खणलेली निघाली. पाच मिनिटांनी गाडी पुन्हा त्याच फाटकासमोर, त्याच बाजूला येऊन उभी राहिली.

आपल्यामुळे हिला पहिल्याच दिवशी उशीर होणार, या विचाराने मास्तरांना घाम फुटला. "चूक झाली गं माझी," ते म्हणाले. "टायर मोठे घेतले. डावीकडे घासतात. तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून..."

"आपल्या फाटकापाशीच ऐकलं मी, बाबा. तुम्ही खोकलात त्याच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते." ती उतरली, त्यांना शेजारच्या सीटवर सरकवलं आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. असा खर्राटा झाला की पहारेकरी खोलीतून बाहेर येऊन गाडीखाली वाकून बघायला लागला. मास्तर काचेआड शक्य तितके बारीक झाले. पण आठ अठ्ठावन्नला सून आत होती.

दहाला टायरवाल्याकडे मास्तर काही बोलायच्या आत त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. एकशे पंच्याऐंशीचे चार टायर तिथे मांडून ठेवले होते.

"शनिवारीच काढून ठेवलेत," तो म्हणाला.

संध्याकाळी सून घरी आली, तिने पिशवीतून कोट काढला आणि मास्तरांसमोर धरला. दिवसभर दुमडून बाह्या चुरगळल्या होत्या.

"बाबा, हा जरा नीट करून द्याल?"

मास्तरांना गळ्यातली टेप सापडेना, इतका त्यांना आनंद झाला. त्यांनी बाहीचं माप घेतलं, मग पुन्हा घेतलं, आणि सवयीने बोलून गेले, "थोडा सैल ठेवू ना?"

"नको बाबा," सून म्हणाली, "मला डावीकडेही वळायचंय."