भूमापन तीनची सायंकालीन तुकडी

आमच्या भूमापन विद्याशाखेत इरुपे माइदाना नावाची एक विद्यार्थिनी होती आणि तिचा एक विषय राहिला होता. परिस्थिती एवढीच होती. या परिस्थितीवर विद्याशाखेच्या परिषदेने, म्हणजे मला धरून सोळा सदस्यांनी, दोन वर्षं मनापासून काम केलं.

इरुपे छत्तीस वर्षांची. बिल्याल्बा नावाच्या म्हाताऱ्या मोजणीदाराकडे ती कामाला होती. सकाळी सहाला त्याची गाडी निघायची आणि दुपारी तीनच्या पुढे परतायची. मधल्या वेळात इरुपे उन्हात मोजणीची काठी धरून उभी राहायची, आणि म्हाताऱ्याला नीट दिसेनासं झाल्यापासून यंत्रातूनही तीच बघायची. नदीपलीकडच्या नव्या वस्तीतले निम्मे नकाशे तिच्या मोजणीवर उभे आहेत. खाली सही म्हाताऱ्याची, कारण इरुपेकडे पदवी नव्हती. पदवी नव्हती, कारण ‘भूमापन तीन’ हा विषय फक्त सकाळी आठला शिकवत. विषय प्रात्यक्षिकाचा, त्यामुळे हजेरीशिवाय परीक्षा नाही. थोडक्यात, मोजणी करायला जावं लागत असल्यामुळे तिला मोजणी शिकता येत नव्हती.

मी नासारेनो बोगादो, तेव्हा तेवीस वर्षांचा. परिषदेवरच्या विद्यार्थी जागांच्या निवडणुकीला मी उभा राहिलो असं म्हणणं जरा जास्त होईल. आमच्या गटाला पाच नावं हवी होती, चार जमली होती, आणि त्या क्षणी मी झेरॉक्सच्या रांगेत रिकामा दिसलो. हा हक्क मात्र हलका नव्हता. शंभर वर्षांपूर्वी आमच्याच देशातल्या कोर्दोबा शहराच्या पोरांनी तिथलं विद्यापीठ ताब्यात घेतलं, मार खाल्ला, तुरुंगात गेली, तेव्हा कुठे विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना खुर्ची मिळाली. त्यांनी मार खाल्ला आणि मी खुर्चीवर बसलो. इतिहासात कामं अशीच वाटून घेतात.

इरुपेची आणि माझी ओळख त्याच रांगेतली.

“तू उभा आहेस म्हणे,” ती म्हणाली. तिच्या बुटांना लाल माती होती.

“हो. तुझी काही मागणी?”

“भूमापन तीनची एक तुकडी संध्याकाळी ठेवा. सहाला चालेल, सातला चालेल. एवढंच.”

“एवढंच?”

“कमी पडत असेल तर अजून सांगते.”

मी त्याच दिवशी फलक लिहिला, ‘संध्याकाळची तुकडी मिळवणारच’. मतदान सक्तीचं असतं. न केल्यास परीक्षेचा एक हंगाम हुकतो. त्यामुळे मला चारशे बारा मतं पडली. मी ती प्रेमाची धरली.

पहिल्याच बैठकीत मी इरुपेचं नाव घेऊन बोललो. अधिष्ठाता साम्पारबाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं. माझ्या आयुष्यात माझं बोलणं कुणी पेन खाली ठेवून ऐकलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “सदस्य बोगादो यांनी मांडलेला प्रश्न आपल्या सर्वांच्या मनाला भिडणारा आहे. तो घाईने निकाली काढणं त्या विद्यार्थिनीवर अन्याय होईल.” प्रश्न अध्यापन समितीकडे गेला. मी भारावून इरुपेला गाठलं.

“समितीकडे गेलं.”

“म्हणजे झालं?”

“म्हणजे चाललंय.”

“मग मी सोमवारपासून येऊ?”

“तसं नाही. आता ते प्रक्रियेत आहे.”

तिने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं पाहिलं आणि निघून गेली.

समितीने विचारलं, की गरज सिद्ध झाली आहे का? पाहणी व्हायला हवी. “आणि पाहणी तुम्हीच करा,” साम्पारबाई मला म्हणाल्या. “विद्यार्थ्यांचा आवाज विद्यार्थ्यांनीच मोजावा.” मी तीन आठवडे खपून अर्ज तयार केला. तो विद्यार्थी खिडकीवर ठेवला. खिडकी सकाळी आठ ते बारा उघडी असते. महिनाभरात सात अर्ज आले. सहा जणांनी लिहिलं की ते सकाळी मोकळेच असतात, त्यांना संध्याकाळची तुकडी नको. सातवा अर्ज इरुपेचा. त्यासाठी तिने एक दिवस रजा टाकली होती. अहवाल माझ्याच सहीने गेला. त्याचा निष्कर्ष होता की शेकडा पंच्याऐंशी पूर्णांक एकाहत्तर विद्यार्थ्यांचा संध्याकाळच्या तुकडीला विरोध आहे. कार्यवाह ओल्मेदो यांनी माझ्या टक्केवारीचं कौतुक केलं. आजवर कुठल्याही विद्यार्थी सदस्याने दशांशापर्यंत मजल मारली नव्हती.

“अरे, खिडकी चारला उघडी ठेवली असती तर?” इरुपे म्हणाली.

“खिडकीची वेळ प्रशासन विभागाकडे येते.”

“आणि तुझ्याकडे काय येतं?”

मी तिला विषयपत्रिका दाखवली.

तरी मी हरलो नाही, हे नोंदवलं पाहिजे. पुढच्या वर्षी जूनच्या बैठकीत आम्ही पाचही विद्यार्थी सदस्य दिरंगाईचा निषेध म्हणून उठून बाहेर गेलो. काही प्राध्यापक आधीच गैरहजर होते, त्यामुळे गणसंख्या तुटली, बैठक तहकूब झाली. आम्ही अंगणात एकमेकांना मिठ्या मारल्या. त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय संध्याकाळच्या तुकडीचा होता आणि तो मंजूर व्हायचा होता, हे आम्हाला ओल्मेदो यांनी नंतर सांगितलं. आमच्याकडे जून-जुलै म्हणजे हिवाळा, त्यामुळे जुलैत सुट्टी. ऑगस्टपर्यंत सगळ्यांची मनं थंड झाली होती.

ऑगस्टच्या बैठकीत प्राध्यापक ग्रिमाउ बोलले. ते हा विषय वीस वर्षं शिकवत होते आणि माणूस वाईट नव्हता. “प्रात्यक्षिक अंगणात होतं,” ते म्हणाले. “जूनमध्ये सहाला अंधार पडतो. अंगणात दिवे नाहीत. काठीवरचे आकडे वाचायचे कसे?” दिव्यांचं प्रकरण बांधकाम विभागात नऊ वर्षं प्रलंबित होतं. सभागृह हळहळलं. इतकं खरं कारण आमच्या परिषदेत फार दिवसांनी ऐकायला मिळालं होतं.

इरुपेला हे सांगितलं तेव्हा ती चिपा खात होती. तो कोरडा पाव तिने मोडून अर्धा मला दिला.

“शिकवणं संध्याकाळी, प्रात्यक्षिक शनिवारी सकाळी,” ती म्हणाली. “झालं की.”

मी थक्क झालो. चौदा महिन्यांत सोळा जणांना हे सुचलं नव्हतं. पण तोवर मी बराच तयार झालो होतो. “शनिवार हा वेळापत्रक समितीचा विषय,” मी म्हणालो. “आपलं प्रकरण अध्यापन समितीत आहे. दोन्ही एकत्र केलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल.”

“मग कर पहिल्यापासून.”

“इरुपे, आपण इतके पुढे आलोय.”

‘आपण’ म्हणताना मला खरंच गहिवरून आलं होतं.

तोडगा साम्पारबाईंनी काढला. बैठकीआधी त्यांनी मला खोलीत बोलावलं. तेरेरेचा, म्हणजे आमच्याकडच्या गार पाण्यातल्या पाल्याच्या चहाचा, पेला आधी माझ्याकडे दिला, मग स्वतः घेतला. “आपण तत्त्व मान्य करू या,” त्या म्हणाल्या. “वेळ हा तपशील आहे. मसुदा तुम्ही लिहा. तुमची भाषा आता किती छान झालीय.” मी तो रात्रीवर न ढकलता तिथेच, त्यांच्या टेबलावर, त्यांच्याच पेनाने लिहिला:

‘भूमापन तीन या विषयाची सायंकालीन तुकडी स्थापन करण्यात येत आहे. अंगणात दिव्यांची व्यवस्था होईपर्यंत सदर तुकडीचे वर्ग, तुकडीचे सायंकालीन स्वरूप अबाधित राखून, तात्पुरते सकाळी आठ वाजता घेण्यात येतील.’

‘सायंकालीन स्वरूप अबाधित राखून’ हे शब्द संपूर्णपणे माझे. ठराव एकमताने मंजूर झाला. ग्रिमाउंनी माझा हात हातात घेतला. मी जिना उतरून धावतच इरुपेकडे गेलो.

“मिळाली.”

“किती वाजता?”

“आधी हे समजून घे, की तत्त्व मान्य झालंय.”

“किती वाजता, नासारेनो?”

“तात्पुरतं आठ.”

“रात्री आठ?” तिचा चेहरा उजळला. तिला इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं. “मग तर उत्तम. घरी जाऊन अंघोळ करून येईन.”

मी ठरावाच्या कागदाची घडी घालू लागलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “आणि तू हात वर केलास?”

“मसुदा मीच लिहिला,” मी म्हणालो. खोटं बोलण्याचा माझा स्वभाव नाही.

तुकडी मार्चमध्ये सुरू झाली. एकच खोली, एकच वेळ, एकच ग्रिमाउ. सकाळची तुकडी उजव्या बाकांवर, सायंकालीन तुकडी डाव्या. नोकरी करणाऱ्यांची म्हणून सायंकालीन तुकडीला परीक्षेची एक जादा तारीख होती, आणि ही गोष्ट सकाळी मोकळ्या असणाऱ्यांच्या लवकर ध्यानात आली. नावनोंदणीच्या दिवशी तीस जागा सकाळी दहाच्या आत भरल्या. कधी दिवे लागलेच तर जागा असावी म्हणून इरुपे पुढच्या आठवड्यात परत एक रजा टाकून आली.

“सायंकालीन भरली,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “सकाळच्या तुकडीत मात्र जागा आहे.”

“ती किती वाजता असते?”

“तीही आठलाच.”

एप्रिलच्या बैठकीला इरुपे स्वतः आली. कामावरून थेट आली होती. बिल्याल्बाची गाडी बाहेर उभी होती आणि मोजणीची काठी तिने दाराशी भिंतीला टेकवली. मागच्या खुर्चीवर बसली. तिसरा विषय संपल्यावर हात वर केला.

“मला दोन मिनिटं बोलायचंय.”

साम्पारबाईंनी ओल्मेदोंकडे पाहिलं, ओल्मेदोंनी नियमावली चाळली. मग बाई अतिशय सौजन्याने म्हणाल्या, “परिषदेत विद्यार्थ्यांचे पाच निवडून आलेले प्रतिनिधी आहेत. विद्यार्थी थेट बोलू लागले तर या प्रतिनिधित्वाचा अवमान होईल. अर्थात विद्यार्थी सदस्यांची हरकत नसेल, तर माझी ना नाही.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला फक्त मान हलवायची होती. हे दृश्य मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे, आणि दर वेळी मी मान हलवतो. त्या दिवशी मात्र माझ्या मनात आलं की ही उठून साध्या भाषेत शनिवारचं सांगेल, दोन मिनिटांत सगळ्यांना पटेल, आणि मग दोन वर्षं मी काय केलं असं कुणीतरी विचारेल.

“अध्यक्ष महोदया,” मी म्हणालो, “कोर्दोबाच्या विद्यार्थ्यांनी रक्त सांडून मिळवलेली ही संस्था आहे. सहाध्यायी माइदाना यांची व्यथा मी मांडतो.”

मी बारा मिनिटं बोललो. तिच्या बुटांवरची माती, उन्हातली काठी, म्हाताऱ्याची सही, काही सोडलं नाही. दोन प्राध्यापकांनी डोळे पुसले. मी मागे वळून पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि काठीही नव्हती. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. इतिवृत्तात ओल्मेदोंनी लिहिलं: ‘संबंधित विद्यार्थिनीने आपल्या प्रतिनिधीचे निवेदन समाधानपूर्वक ऐकले.’ शनिवारचा उल्लेख मी केला नव्हता. तो आमच्या समितीत येत नाही.

मे महिन्यात पुन्हा निवडणूक झाली. फलक मीच लिहिला: ‘संध्याकाळची तुकडी मिळवली’. यातला एकही शब्द खोटा नाही, कुणीही ठराव काढून बघावा. मला सहाशेच्या वर मतं पडली, परिषदेच्या इतिहासात विद्यार्थी सदस्याला पडलेली सर्वांत जास्त. हल्ली मी अध्यापन समितीचा उपाध्यक्ष आहे.

मतदानाच्या दिवशी मी फाटकाबाहेर उभा होतो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला इरुपे आली, ओळखपत्र दाखवून आत गेली, बाहेर आली. मी मान खाली घातली होती, पण ती समोर येऊन थांबली.

“दिलं तुलाच,” ती म्हणाली.

मी मान वर केली. विचारलं, “का?”

“बाकीच्या याद्यांतले मला ओळखत नाहीत, नासारेनो. ते फसवतील तर न ओळखता फसवतील. तू निदान ओळखून फसवतोस.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मोजणीचा आकडा सांगावा तसं तिने सांगितलं, आणि गाडीकडे गेली. बिल्याल्बाच्या नकाशांवर अजून बिल्याल्बाचीच सही असते. आता हात थरथरतो म्हणून त्याचा हात तिला धरावा लागतो, असं ऐकतो.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, पण किती वेळ वाटलं ते सांगत नाही, कारण सात वाजता मतमोजणी सुरू झाली.

तुम्ही एव्हाना मला नालायक ठरवलं असेल. योग्यच आहे. फक्त इरुपेसारखं एकदा स्वतःला विचारून बघा: तुमच्या नावाने जो कुठेतरी हात वर करतो, तो तुम्हाला ओळखतो का? नसेल ओळखत, तर निदान माझी निंदा जरा हळू आवाजात करा. तिला अजून माझ्याहून बरा माणूस मिळालेला नाही, आणि तुम्हाला तर माझ्याइतकाही नाही.