हसनचाचांचं पार्सल

पितळेचा कीस तापला की त्याला एक वास सुटतो : किंचित आंबट, किंचित गोड, जिभेवर नाणं ठेवल्यासारखा. आखातातल्या फहाहीलमधल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर हसनचाचा किल्ल्या कापत. इस्पितळातली माझी पाळी संपवून परतताना तो वास मला जिन्यापाशीच भेटे.

मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धी कारखान्याचे निम्मे इंजिनिअर स्वतःच्याच दाराबाहेर अडकत आणि चाचांना बोलावणं येई. चाचा आधी कुलपाला सलाम करीत. मग मखमली पिशवीतल्या सात वाकड्या सळयांपैकी एक अलगद त्याच्या पोटात सरकवीत. "कुलपाला दटावायचं नाय, सिस्टर. इचारायचं."

अशा माणसाच्या घरची पेटी मात्र बंद होती. बाणकोटच्या खाडीकाठी त्यांच्या बायकोनं, हलीमाबीनं, निकाहाचा जोडा, म्हणजे लग्नातला पोशाख, त्या पेटीत ठेवला आणि चावी घालवली. कुलूप चाचांच्या हातचं. दुसऱ्या कारागिराला ती कुलपाला शिवू देईना. चाचांना रजा तीन वर्षांतून एकदा. "चावी हरवलीन, आनी वर मलाच लिवते, कधी येताव?"

तेव्हा सळया आणि उघडण्याची कृती पोस्टानं पाठवायची, असं ठरलं. कुलपं उघडायच्या हत्यारांना टपालात मनाई आहे, हे पहिल्याच खेपेला कळलं. तरी दर महिन्याला चाचा पार्सल नव्यानं शिवीत आणि 'आत काय आहे' या रकान्यात ठसठशीत अक्षरांत खरं तेच लिहीत : कुलूप उघडायची हत्यारं, नग सात. खिडकीमागचा कारकून हसून म्हणे, "ममनू, या हाजी!" - मनाई आहे, हाजीसाहेब - आणि पार्सल परत सरकवी.

"अहो चाचा, हेअरपिना लिहा ना!"

मी शिवी दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "चाळीस वर्सांचा हुन्नर, आनी हेअरपिना?"

नव्वदच्या मे महिन्यात मी रजेवर निघाले, तेव्हा सळया माझ्या सामानातून नेते म्हटलं. चाचांनी पिशवी छातीशी घट्ट धरली. "नको, नको! पोस्टानंच जायला पायजे. कायदा म्हंजे कायदा."

तोच कायदा त्यांचं पार्सल दरमहा परत पाठवीत होता. पण हे त्यांना सांगणार कोण?

मी रजेवरून परतले, आणि ऑगस्टात शेजारच्या देशाचं सैन्य घुसलं; आम्हा परदेशी लोकांना जीव घेऊन निघावं लागलं. अम्मानकडे निघालेल्या बसमध्ये चाचांजवळ बदलायला सदरा नव्हता. पाण्याची बाटली त्यांनी परक्या बायकांना देऊन टाकली. मखमली पिशवी मात्र कुणाच्या मांडीवर क्षणभर ठेवू दिली नाही. मुंबईत उतरल्यावर बाणकोटच्या ओढीनं ते माझा निरोप घ्यायलाही विसरले.

पुढच्या वर्षी आम्ही दोघंही परतलो. आभाळ काजळीनं माखलेलं, काचांवर तेलाचा चिकट थर. पोस्ट पुन्हा सुरू झालं तेव्हा रांगेत माझ्यापुढे तोच पितळेचा वास उभा होता. हातात पार्सल, रकान्यात नग सात.

"चाचा! घरी जाऊनसुद्धा पेटी उघडली नाहीत?"

"उघडली ना, पोचलो त्याच दिशी. नवी चावी पन करून दिली. ईदेला जोडा घातलान."

"मग आता कुठलं कुलूप?"

"तेच. मी निघालो त्या सकाळी तिनं आपल्या हातानं लावलंन."

"आणि नवी चावी?"

अंगठ्यानं पार्सलची शिवण कुरवाळीत चाचा खिडकीकडे सरकले. माझ्याकडे न पाहता, नव्या नवऱ्यासारखं लाजून म्हणाले,

"हरवलीन."