अनुपस्थिती-निरपेक्ष सरासरी

एकोणीसशे नव्व्याण्णव साली सुरतेच्या मुक्त गणित मंडळाने कॉम्प्युटरसाठी गणिताची लायब्ररी काढली. म्हणजे बेरीज, सरासरी, टक्केवारी असल्या तयार प्रोग्रॅमांचा संच. तो फुकट होता. कोणीही उघडून बघावा, कोणीही सुधारावा, अशी जाहीर घोषणा होती. सुधारणेला तेवढी मंडळाची मंजुरी लागे. आणि मंडळ गणेशोत्सववाल्यांनीच काढलेलं, त्यामुळे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि शाल-नारळ यांना काही तोटा नव्हता.

मराठी शाळेत गणित शिकवणाऱ्या उज्ज्वलाबाईंना या लायब्ररीत चूक सापडली. आजारपणामुळे बुडालेला पेपर सरासरीत धरायचा नाही, असा शाळेचा नियम. शाळेचा निकाल लावणारी ही लायब्ररी मात्र तिथे बिनदिक्कत शून्य घाली. आणि मयुरीला ऐन परीक्षेत कावीळ झालेली! वर्गातली सगळ्यात हुशार पोर. तिचा बाप भिकन कापडाच्या लूमवर कामाला. तो गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतून येऊन साफ सांगून गेला होता, "बाई, पोर पास व्हयनी ते शिकाडसू, नही ते साडीले टिक्क्या लावाले बसाडसू."

बाईंनी दुरुस्ती स्वतः लिहिली, फ्लॉपीत घातली आणि रविवारी बैठकीला गेल्या. बैठक अध्यक्ष विजयराव देवस्थळींच्या घरी होती.

"बाई, आजचा विषय नवीन गणिती सुविधांचं नियोजन," वाफाळत्या सुरती लोचोची बशी पुढे करत विजयराव म्हणाले. "तुमची ही जुनी चूक. ती यात बसत नाही."

"मग कधी बसेल?"

"नवीन विषय संपले की."

ते कसले संपतात! उपाध्यक्ष मगनभाई कापडाचे व्यापारी. ते म्हणाले, "लग्नना मुहूर्त कॉम्प्युटर काढी आपे, तो मजा पडी जाय!" मंजूर. नवा इंजिनिअर सौरभ याला चौथी मिती हवी होती. ती कुणीच मागितली नव्हती, पण पुणेकरांकडे अजून नाही म्हटल्यावर एकमताने मंजूर.

उज्ज्वलाबाईही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. पुढच्या बैठकीत त्यांनी तीच फ्लॉपी ‘अनुपस्थिती-निरपेक्ष सरासरी’ या नावाने मांडली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"याला म्हणतात नवीन सुविधा!" विजयराव गहिवरले. लगेच उपसमिती नेमली गेली. प्रमुख सौरभ.

"ताई, आजारपणावरच का थांबायचं?" सौरभ म्हणाला. "समजा, माणूस तीन मितींत हजर आहे आणि चौथीत गैरहजर. मग?"

यावर उपसमिती गंभीर झाली. सखोल अभ्यास करून पुढच्या आवृत्तीत ही सुविधा द्यावी, असं ठरलं.

"अहो, पण तोवर शाळेचा निकाल लागेल!"

"तोवर चालू सरासरीला हात लावायचा नाही. नियोजन विस्कटतं." एवढं बोलून विजयरावांनी बाईंना शाल-नारळ दिला. फोटो निघाला. तो शाळेत लागला.

निकालात मयुरी नापास. बाईंनी हाताने गणित केलं आणि तरातरा हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या.

"सर, पोरगी पास आहे! कॉम्प्युटर चुकतोय."

हेडमास्तरांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "ज्या लायब्ररीसाठी सत्कार घेतलात, तीच चुकीची? कमाल आहे. दुरुस्तीला मंडळाची मंजुरी आहे का?"

"मंजुरी आहे," बाई म्हणाल्या, "पण ती नियोजनात आहे."

"मग मयुरीचं पास होणंही नियोजनात आहे असं समजा."

बाई घरी आल्या आणि शाल तोंडावर घेऊन रडल्या.

मयुरी आता गोडादऱ्याच्या खोलीत साड्यांना चमचमत्या टिक्क्या लावते. गेल्या लग्नसराईत तुम्ही सुरतेची साडी घेतलीत ना, तिचा पदर जरा उलगडून बघा. टिक्क्यांमधलं अंतर कुठे केसभर इकडचं तिकडे नाही. घेताना तुम्हीच म्हणाला होतात, एवढं नेमकं काम आणि एवढ्या स्वस्तात, नशीबच लागतं.