प्रफुल्ल नावाचं इथं कोणी राहत नाय

चिंचणीच्या मंजुळाबाईंना आजवर कोणी फसवू शकलं नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत. चाळीस वर्षं बोईसरच्या बाजारात त्यांनी सुकी मासळी विकली होती. गिऱ्हाईक बोंबील कसा हातात धरतं यावरून ते घेणार की नुसता वास घेऊन जाणार, हे त्यांना लांबून कळे. त्यामुळे एका संध्याकाळी त्यांच्या मुलाने, प्रफुल्लने, जेवताना कंपनीची योजना सांगितली तेव्हा त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

प्रफुल्ल तारापूरच्या एका औषध कारखान्यात केमिस्ट होता. कंपनी दरवर्षी चार-पाच जणांना परदेशी समाजसेवेला पाठवी. यंदा त्याचा नंबर लागला होता. केनियातल्या एका खेड्यात, शाळेत तीन महिने विज्ञान शिकवायचं. बायको-मुलांनाही नेता येणार.

"पगार?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"चालू राहणार."

"आणि विमान?"

"कंपनीचं."

"मग कंपनीला काय मिळणार?"

"काही नाही, आई. सेवा आहे ती."

मंजुळाबाईंनी सुनेकडे पाहिलं. जागृती गालातल्या गालात हसत होती. म्हणजे हिलाही गुंडाळलंय, हे त्यांनी ताडलं.

दोन दिवसांनी प्रफुल्लने पासपोर्टचा अर्ज केला आणि जागृती कंपनीचा फॉर्म भरायला बसली. सहा वर्षांच्या तेजलला तिने भिंतीला टेकवून मोजलं, अडीच वर्षांच्या दर्पणला वजनकाट्यावर उभं केलं.

"वजन कशाला पायजे त्यांना?"

"डॉक्टरी तपासणीसाठी, आई."

"बोकड घेताना वजन विचारतात गो."

फॉर्ममध्ये मुलांचा रक्तगट होता, अंगावरच्या खुणा होत्या, मुलं काय खातात तेही होतं. मंजुळाबाईंनी हे सगळं शेजारच्या बायडीच्या कानावर घातलं. बायडी गंभीर झाली. "मनोरला एका बाईची पोरं अशीच नेलेली."

"अशीच म्हंजे कशी?"

ते बायडीलाही माहीत नव्हतं, पण तिने मान अशी हलवली की मंजुळाबाई तडक घरी परतल्या. त्या दिवसापासून त्यांनी तेजलला पढवलं. अनोळखी माणसाने काही विचारलं तर नाव सांगायचं नाही, घर सांगायचं नाही, कोणाची कोण तेही सांगायचं नाही.

पुढच्या मंगळवारी दारात एक माणूस उभा राहिला. साधा शर्ट, पायात चप्पल, काखेत फाइल. प्रफुल्ल कामावर होता, आणि कारखान्यात मोबाइल गेटवरच ठेवावा लागे. जागृती दर्पणला घेऊन दवाखान्यात गेली होती.

"प्रफुल्ल इथेच राहतात का? फोन लागत नाही त्यांचा."

"तुमी कोण?"

"मी एकनाथ. पोलीस स्टेशनातून आलोय, पासपोर्टच्या चौकशीला. घरात मुलं किती?"

मुलं हा शब्द ऐकला आणि मंजुळाबाई उंबऱ्यात वाट अडवून उभ्या राहिल्या. "प्रफुल्ल नावाचं इथं कोणी राहत नाय."

एकनाथने मागे खेळणाऱ्या तेजलकडे पाहिलं. "बाळ, ही तुझी आजी ना?"

"नाय," तेजल म्हणाली.

तो शेजारी गेला. बायडीने मैत्रिणीला हात दिला. ते घर वर्षभर बंदच आहे, असं तिने सांगितलं. त्या वेळी मंजुळाबाई त्याच घराच्या ओट्यावर हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

आठवड्याने प्रफुल्लच्या मोबाइलवर निरोप आला. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल, पासपोर्ट अडकला. महिनाअखेरीपर्यंत पासपोर्टचा नंबर दिला नाही तर कंपनी यादीतल्या पुढच्या माणसाला पाठवणार होती.

"आई, घरी कोणी आलं होतं?"

"आलेला एक. मी वाटेला लावला," मंजुळाबाई अभिमानाने म्हणाल्या.

प्रफुल्ल तसाच पोलीस स्टेशनात गेला. एकनाथने त्याचं सगळं ऐकून घेतलं. "आई म्हणते राहत नाही, मुलगी म्हणते आजी नाही, शेजारीण म्हणते घर बंद आहे. मी काय लिहायचं, तुम्हीच सांगा."

बऱ्याच विनवण्यांनंतर रविवारी तो पुन्हा आला. या वेळी मंजुळाबाईंनी ओट्यावर खुर्ची पुसून दिली.

"हा माझाच पोरगा हाय."

"मागच्या वेळी तर नाही म्हणालात."

"तवा खोटं बोलली मी."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

चाळीस वर्षं मंजुळाबाईंनीच गिऱ्हाइकांना पारखलं होतं. लोक आपल्याकडे असं संशयाने बघायला लागले की कसं वाटतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी तेजलला पुढे ओढलं. "सांग गो, मी कोण तुझी?"

तेजलने एकनाथकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"रेशनकार्ड दाखव ना, आई," प्रफुल्ल वैतागून म्हणाला. "तुझ्यामुळे झालंय हे सगळं."

मग मात्र मंजुळाबाई सुटल्या. "माज्यामुळे? मेल्या, घरात गॅस बदलता येत नाय तुला, तिकडे पोरांना विज्ञान शिकवणार! सर्दी झाली तर अजून माज्याकडून छातीला तेल चोळून घेतोस. त्या दर्पणला मी भरवल्याबिगर घास जात नाय, त्याला कोण भरवील तिथं? तीन म्हैने मी या घरात कोणाच्या तोंडाकडे बघू? ते लिवलंय तुज्या कंपनीने फॉर्मात?"

 प्रफुल्ल खाली मान घालून उभा होता. जागृतीने डोळ्यांना पदर लावला.

एकनाथने फाइल उघडून दोन ओळी लिहिल्या आणि पेनाला टोपण लावलं. "राहू द्या रेशनकार्ड. इतकं फक्त पोटच्या पोरालाच बोलता येतं."

मंजुळाबाई ओशाळल्या. आत जाऊन त्यांनी आलं घालून चहा केला, सोबत बशीत खारी ठेवली. कप पुढे करता करता त्यांचा हात मध्येच थांबला.

"भाऊ, तुमचं ओळखपत्र बघू."

एकनाथने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा. ओळखपत्र गणवेशात राहिलं होतं. प्रफुल्ल गयावया करत म्हणाला, "आई, मी स्वतः यांना पोलीस स्टेशनात भेटलोय."

"तू गप," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि चहावर बशी झाकून कप आपल्याकडे ओढून घेतला.