तीन हातमोज्यांची शिफारस

शरीर एकच असले तरी त्याची चौकशी दोन वेगवेगळ्या टेबलांवर व्हावी, हे प्रगत समाजाचे लक्षण आहे. बोळिंजच्या आमच्या मेंदू-वर्तन समन्वय केंद्रात ही प्रगती पुरेपूर झाली आहे. डॉ. अमिषा मेंदू पाहतात, उमंग सर वागणूक. हद्द कातडीची ठरली आहे: आतले ते डॉक्टरांचे, बाहेरचे ते सरांचे. (घाम आणि अश्रू आतून बाहेर येत असल्याने त्यांचा निर्णय प्रलंबित आहे.) गेल्या वर्षी सहकार्याचे प्रमाण त्र्याऐंशी टक्के होते (दोघेही रजेवर असल्याचे दिवस धरून). मी केंद्राचा कारकून. शेजारशेजारच्या खोल्यांत बसणाऱ्या या दोघांचे निरोप एकमेकांना पोचवतो.

अर्नाळ्याचे प्लासिडकाका आमच्याकडे आले, तेव्हा अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. जन्मभर मासेमारी केलेल्या माणसाला बायको, मेरीबाई, बोंबील भरवते, याची त्यांना मरणाची लाज वाटे. आपल्या हाताने जेवायचे, एवढेच त्यांचे मागणे होते.

डॉक्टर म्हणाल्या, हाताकडे जाणारी वाट शाबूत आहे, पण वापर नसल्याने मेंदू ती विसरत चाललाय. सर म्हणाले, डावा हात आणि मेरीबाई सगळे आयते करत असताना उजव्याने हलावे कशाला? दोघे एकच सांगत आहेत, हे कळायला चार बैठका लागल्या. (पैकी दोन अध्यक्ष कोण यावर झाल्या.) अखेर दोन सह्यांची शिफारस निघाली: बोटे हलू न देणारे जाडजूड हातमोजे तीन. एक काकांच्या डाव्या हाताला, दोन मेरीबाईंना. मदतीला धावणारा प्रत्येक हात बंद.

चाचणी काकांच्या घरी झाली. ताटात तळलेला बोंबील, समोर आम्ही. काकांचा उजवा हात हळूहळू सरकला, तुकडा उचलला आणि तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मेरीबाई मोजे घातलेले हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतली प्रलंबित बाब गालावर आली होती. तुकडा परत पडला, आणि डॉक्टर व सर, दोघांनीही तो उचलायला एकाच क्षणी हात पुढे केले. केंद्राच्या इतिहासातला हा पहिला उत्स्फूर्त समन्वय.

"हात मागं घ्या दोघांनी!" मेरीबाई कडाडल्या. "कागदावर सह्या कोनी केल्या? का तुमालाबी मोजे घालू?"

हात मागे गेले. काकांनी तुकडा धरला, थरथरत तोंडापर्यंत नेला, सावकाश चावला.

"मीठ कमी हाय गो," ते म्हणाले.

मेरीबाई रडता रडता हसल्या. मलाही फार भरून आले. पण हे कोणाच्या हद्दीत येते ते न ठरल्याने अहवालात फक्त मिठाची नोंद झाली.

केंद्राकडे हातमोजे शिल्लक आहेत. वाचकहो, हे वाचत बसल्या जागी तुमच्याही हातात चहा आला असेल. तुमचे दोन्ही हात धडधाकट आहेत, स्वयंपाकघराकडे जाणारी वाटही शाबूत असणार. तेव्हा जरूर या. मात्र येताना स्वतःच्या हातांचे माप आणू नका. चहा ज्यांनी आणून दिला, त्यांच्या हातांचे आणा.